विश्लेषण : माळरानावरच्या कारखान्याने शंभरी कशी ओलांडली? किर्लोस्करवाडी टिकली, मग ओगलेवाडी का थांबली?

थायलंडमधील थाम लुआंग गुहेत जून २०१८ मध्ये १२ मुले आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक अडकले. गुहेत पावसाचे पाणी भरत होते आणि ते सतत उपसत राहणे हा सुटकेच्या प्रयत्नांचा महत्त्वाचा भाग होता. भारतीय दूतावासाच्या शिफारशीवरून ‘किर्लोस्कर ब्रदर्स’चे तज्ज्ञ तेथे दाखल झाले. गरज पडलीच तर विमानाने पाठवता यावेत म्हणून मोठ्या क्षमतेचे चार पंपही तयार ठेवण्यात आले. हे पंप सज्ज होते सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात. ज्या गावातून ही तयारी झाली, ते गाव १९१० पूर्वी अस्तित्वातच नव्हते. एका कुटुंबाने निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारला आणि त्याभोवती गाव वसले. असे प्रयोग महाराष्ट्रात इतरही झाले. त्यांतील काही इतिहासजमा झाले. किर्लोस्करवाडी का टिकली, याचा हा वेध.

सुरुवात कोठून झाली?

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ‘संगीत शाकुंतल’कार अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणरावांना चित्रकलेची आवड होती, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. मात्र काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसल्याचे लक्षात आले आणि चित्रकलेचा मार्ग बंद झाला. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यासाठी रंगांची गरज नव्हती. ती विद्या शिकून ते मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या ‘व्हीजेटीआय’मध्ये शिकवू लागले.

दरम्यान १८८८ मध्ये बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने सायकलींचे दुकान सुरू झाले होते. ‘ब्रदर्स’ म्हणजे लक्ष्मणराव आणि त्यांचे थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा. लक्ष्मणरावांनी मुंबईहून माल पाठवायचा आणि रामूअण्णांनी तो बेळगावात विकायचा, अशी विभागणी होती. पुढे संस्थेत बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. दुकानाला लहानशी कर्मशाळा जोडली गेली. तेथे कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

शेतकऱ्यांनी लोखंडी नांगर का नाकारला?

लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाते, असा समज तेव्हा अनेक शेतकऱ्यांमध्ये होता. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. हा समज आज हास्यास्पद वाटेल. पण नकारामागे व्यवहाराचीही बाजू होती.

लाकडी नांगर गावचा सुतार करून देत असे. मोडला तर तोच दुरुस्त करी आणि त्याबदल्यात सुगीला बलुते घेई. शेतकऱ्याला रोख पैसा मोजावा लागत नसे. लोखंडी नांगर या व्यवस्थेत बसत नव्हता. तो रोखीने घ्यायचा, ओढायला जास्त बैल जुंपायचे आणि फाळ झिजला की नवा कोठून आणायचा, ही चिंता वेगळीच. परदेशी नांगरांबाबत हीच मुख्य अडचण होती.

त्याचा फायदा मात्र मोठा होता. लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर ती खोलवर फोडून उलथवतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल जातात. त्या उपटून काढायच्या तर खोल नांगरट हाच उपाय. एकाच्या शेतातली हरळी गेलेली शेजाऱ्याने पाहिली, की पुढचा नांगर विकणे सोपे होई. सुटे भाग जवळच मिळू लागल्यावर उरलेली भीतीही कमी झाली. शेतकऱ्याला यंत्राइतकीच त्याच्या दुरुस्तीची हमी लागते, हा धडा कंपनीला येथे मिळाला.

बेळगाव का सोडावे लागले?

धंदा मार्गी लागत असतानाच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. शहराची वस्ती वाढत होती आणि त्या भागासाठी वेगळी योजना होती. उभी यंत्रे, भट्टी आणि कामगार घेऊन जायचे कोठे, हा प्रश्न होता.

तो सोडवला औंध संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. ते लक्ष्मणरावांचे स्नेही होते. त्यांनी संस्थानच्या हद्दीतील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि १० हजार रुपयांचे कर्जही दिले. १९१० मध्ये लक्ष्मणराव, रामूअण्णा आणि त्यांचे सहकारी तेथे पोहोचले. जमीन नापीक होती, सगळीकडे निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. पाण्याची टंचाई होतीच.

तरीही या माळाजवळ एक गोष्ट होती, ती म्हणजे रेल्वे. कच्चे लोखंड आणि कोळसा बाहेरून आणायचा, तयार नांगर दूरच्या बाजारात पाठवायचे, तर रूळ जवळ हवेत. जमीन संस्थानिकाची, त्यामुळे परवानग्यांसाठी खेटे घालण्याची वेळ कमी. शहरात मोकळी जागा मिळाली नसती, ती येथे भरपूर होती. पुढे कुंडल रोड स्थानकाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. आजही पुणे-मिरज मार्गावर ते याच नावाने आहे.

कारखान्याबरोबर गाव का वसवावे लागले?

कारण माळावर कामगाराला राहायला घर नव्हते. कारखाना हवा असेल तर घर, विहीर, दुकान, शाळा आणि दवाखाना यांची सोयही मालकानेच करायची, अशी परिस्थिती होती. इंग्लंडमध्ये कॅडबरी कुटुंबाने बोर्नव्हिल आणि लिव्हर बंधूंनी पोर्ट सनलाइट ही गावे अशाच रीतीने वसवली होती. भारतात जमशेदपूरची उभारणी याच सुमारास सुरू होती. तेथे टाटांचे मोठे भांडवल होते. किर्लोस्करांकडे उसने घेतलेले १० हजार रुपये आणि दोन-तीन डझन माणसे होती.

गावाची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी पाहिला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम लक्ष्मणरावांनी घालून दिला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रखवालीचे काम देण्याचे धाडसही त्यांनी केले. हे सारे त्या काळात सोपे नव्हते. मात्र याला दुसरी बाजूही होती. घर, नोकरी, शाळा आणि दवाखाना एकाच मालकाच्या हाती असले, की कामगाराचे भवितव्यही त्या एकाच धंद्याला बांधले जाते. धंदा बसला तर पगाराबरोबर गावही जाते. किर्लोस्करवाडी टिकणे म्हणूनच केवळ कंपनीच्या नफ्यातोट्याचा विषय नव्हता.

नांगरापासून पंपापर्यंतचा प्रवास कसा झाला?

या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या ओतशाळेत सापडते. नांगराचे अनेक भाग ओतीव असतात. लाकडी नमुना करायचा, वाळूत साचा पाडायचा, भट्टीत वितळलेले लोखंड त्यात ओतायचे, थंड झाल्यावर घासून-कातून नेमक्या मापाचे करायचे, हे काम. उसाच्या चरकाच्या लाटा अशाच होतात. भुईमुगाच्या शेंगा फोडण्याच्या यंत्राचे भाग, लेथचा पाया, इंजिनाचा सांगाडा आणि पंपाचे कवच यांनाही हेच कसब लागते. कंपनीने वस्तू बदलल्या, पण ओतकामाची विद्या सोडली नाही. जुन्या कारागिराला प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करावी लागली नाही.

पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची आयात आटली, तेव्हा या विद्येची कसोटी लागली. जुने लोखंड मिळेल तेथून गोळा करावे लागले. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर तयार झाले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्र अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले. याच वर्षी देशातील पहिला सेंट्रिफ्युगल पंप वाडीत तयार झाल्याचे कंपनी सांगते. या पंपात कवचाच्या आत पंखा वेगाने फिरतो, पाण्याला बाहेरच्या दिशेने फेकतो आणि त्या दाबाने पाणी वर चढते. मोटेला बैलजोडी, नाडा आणि दिवसभर राबणारा माणूस लागे. पंपाला इंजिन किंवा वीज लागते. ज्या जिल्ह्यात पुढे ताकारी, म्हैसाळ आणि टेंभूसारख्या उपसा सिंचन योजना आल्या, तेथे पाणी उचलण्याच्या यंत्राला गिऱ्हाईक कमी पडणार नव्हते. मंदीच्या काळात लोखंडी फर्निचरही तयार केले गेले. भट्टी विझू द्यायची नाही, हे धोरण होते.

कारखान्यातून मासिक का निघाले?

नांगर विकायचा तर तो का घ्यायचा हे सांगावे लागते. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू झाले. त्यामागे होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे ‘शंवाकि’. ते स्वतः चित्रकार होते आणि कंपनीच्या जाहिरातीचे काम पाहत. मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने महाराष्ट्रातील वजनदार मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि त्यानंतर ‘मनोहर’ ही मासिके आली. विज्ञाननिष्ठा, समाजसुधारणा आणि स्त्रियांचे प्रश्न यांवरील वाद त्यांच्या पानांवर झाले.

मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाला वळण देणारी ही नियतकालिके मुंबई-पुण्यातून नव्हे, तर ओतशाळेशेजारच्या छापखान्यातून सुरू झाली. कंपनीला याचा रोकडा फायदा झालाच. ज्या घरात कारखान्याचा माल कधी गेला नव्हता, तेथेही ‘किर्लोस्कर’ हे नाव पोहोचले.

१९४८ मध्ये काय घडले?

महात्मा गांधी यांच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तांवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळण्यात आला. ज्या कारखान्यावर परिसरातील अनेक कुटुंबांचा संसार चालत होता, तोच पेटवला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते.

कुटुंबापुढे तेव्हा दुसरे मार्ग होते. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे ‘म्हैसूर किर्लोस्कर’ हा यंत्रसामग्रीचा कारखाना सुरू झाला होता. १९४६ मध्ये पुण्यात ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ आणि बेंगळूरुत ‘किर्लोस्कर इलेक्ट्रिक’ या कंपन्या स्थापन झाल्या होत्या. वाडी सोडून देणे अशक्य नव्हते. तरीही कारखाना पुन्हा उभा करण्यात आला. मात्र समूहाचे केंद्र त्यानंतर पुण्याकडे सरकत गेले, हेही खरे. १९५६ मध्ये लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने तिकीट काढले.

ओगलेवाडीचे काय झाले?

किर्लोस्करवाडीचे यश समजून घ्यायचे तर याच रेल्वेमार्गावरच्या दुसऱ्या वाडीकडे पाहावे लागते. कराड रेल्वे स्थानक जेथे आहे, ती ओगलेवाडी. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या काच कारखान्याला औंधच्या पंतप्रतिनिधींचेच पाठबळ होते. तेथेही कारखान्याच्या नावावरून गाव ओळखले जाऊ लागले. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोहोचला. परदेशी कंदिलाला तोडीस तोड देणारी स्वदेशी वस्तू म्हणून त्याचे कौतुक झाले. वीज नसलेल्या खेड्यात कित्येक पिढ्यांनी त्याच्या उजेडात अभ्यास केला.

पुढे खेड्यात वीज आली. कंदिलाचे स्थान खुंटीवरून माळ्यावर गेले. ओगलेवाडीत काचेच्या इतर वस्तूही होत, पण कारखान्याची ओळख आणि बाजार कंदिलाशी बांधलेला होता. अखेर कारखाना बंद पडला. एवढा मोठा उद्योग एकाच कारणाने थांबत नाही, हे मान्य करूनही एक फरक नजरेआड करता येत नाही. ज्या विजेने कंदिलाचा बाजार संपवला, त्याच विजेने विहिरीवरच्या पंपाचा बाजार उघडला. एकाच राजाने आधार दिलेल्या दोन कारखान्यांना एकाच बदलाने उलट दिशांना नेले.

ओगल्यांची दृष्टी कमी पडली, असा याचा सरळ अर्थ काढता येणार नाही. खुद्द किर्लोस्करांचा हरिहरचा कारखानाही या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. नाव तेच, घराणे तेच, पण आयात खुली झाल्यानंतर आणि यंत्रे संगणकावर चालू लागल्यानंतर लेथच्या धंद्याचे गणित बदलले. हरिहरच्या कामगारांना घराण्याच्या पुण्याईचा उपयोग झाला नाही.

कुटुंब वाढल्यावर नाव कोणाचे?

घरगुती उद्योगांत तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मालकीच्या वाटण्या होतात. जमीन वाटता येते, कारखाने वाटता येतात. आडनाव सर्वांचेच राहते. किर्लोस्कर समूहात या नावाचे व्यापारी हक्क सांभाळण्यासाठी ‘किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड’ ही स्वतंत्र कंपनी आहे. कुटुंबातील वाटण्यांबाबत २००९ मध्ये करार झाला. मात्र एकमेकांच्या धंद्यात स्पर्धा करायची की नाही, या मुद्द्यावरून लक्ष्मणरावांच्या पणतवंडांमधील मतभेद न्यायालयात पोहोचले. पंपांचा व्यवसाय हा या वादाच्या केंद्रस्थानी होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला मध्यस्थीचा मार्ग तपासण्यास सुचवले.

सर्वसामान्य वाचकाला हा श्रीमंतांच्या घरातला तंटा वाटेल. पण दुकानात उभ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पंपावरचे नाव हीच हमी असते. ते नाव दोन वेगळ्या कंपन्यांच्या पंपांवर दिसले, तर तक्रार कोणाकडे न्यायची, हा प्रश्न उरतो. लोखंडी नांगराच्या काळातही शेतकऱ्याची अडचण हीच होती.

वाडीपुढे आता काय?

‘किर्लोस्कर ब्रदर्स’चे मुख्यालय आज पुण्यात आहे. देवास, शिरवळ, कोइम्बतूर येथे कारखाने आहेत. २००३ मध्ये कंपनीने ब्रिटनमधील ‘एसपीपी पंप्स’ विकत घेतली. किर्लोस्करवाडी आता एकमेव नाही, अनेकांपैकी एक आहे. तरीही मोठे पंप घडवण्याचे काम तेथे सुरू आहे. १९१० मध्ये तेथे कारखाना नेण्यामागची कारणे मात्र बरीचशी उरलेली नाहीत. संस्थान गेले, माल रेल्वेऐवजी ट्रकने जाऊ लागला, निवडुंगाच्या माळाभोवती ऊस आणि द्राक्षे आली.

आज कारखाना तेथे असण्याचे सर्वात बळकट कारण तेथील हात हे आहे. ओतकाम पुस्तकातून पूर्ण शिकता येत नाही. वाळूत ओल किती हवी, भट्टी कधी तयार झाली, ओतीव भाग कोठे पोकळ राहिला असेल, हे जुना कारागीर शेजारी उभ्या असलेल्या नव्याला दाखवतो. असे ज्ञान शंभर वर्षे एका ठिकाणी साचले, तर ते उचलून दुसरीकडे नेणे यंत्र हलवण्यापेक्षा अवघड असते. पण पुढची पिढी भट्टीजवळ उभी राहायलाच आली नाही, तर ही साखळी काही वर्षांतच तुटू शकते. आसपासच्या गावांतील मुलांपुढे आज पुणे आणि बेंगळूरुतील नोकऱ्या आहेत.

बेळगावहून निघालेल्या दोन भावांना कुंडल रोडला जमीन मिळाली, कारण एका राजाला आपल्या मुलखात कारखाना हवा होता. आज तालुक्याच्या ठिकाणी कारखाना टिकवायचा, तर रस्ता आणि वीज यांच्याबरोबर तेथे तंत्रशिक्षण, दवाखाना आणि चांगली शाळा लागते. त्या काळी या गोष्टी मालकाने केल्या. आता त्या कोणी करायच्या, यावर कुटुंब, कंपनी आणि सरकार यांच्यात एकवाक्यता नसेल, तर लहान गावातले कारखाने एकेक करून शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीत जातील. स्थानकाच्या फलकावरचे नाव तेवढे मागे राहील.